नाकातलं बिऱ्हाड

हात कोपरापर्यंत धुऊन झाले होते, घड्याळ खिशात गेलं होतं, शर्टाच्या बाह्या वर सरकवल्या होत्या आणि आता फक्त खुंटीवरचा हिरवा झगा अंगात घालायचा बाकी होता, तेवढ्यात दारातल्या सिस्टरनं तळहात पुढे केला. "आजोबा, तुम्ही नाही." तो हसला. त्याला थट्टाच वाटली. काल हिनंच त्याला खुर्चीत कसं रेलायचं, बाळाची मान कशी धरायची, ते कापडाच्या बाहुलीवर शिकवलं होतं आणि "छातीवर केस फार आहेत हो, नातीला गुदगुल्या होतील" म्हणून चिडवलं होतं. नात दिवस भरायच्या आधीच जन्मली होती. काचेच्या पेटीत होती. रोज थोडा वेळ कुणाच्या तरी उघड्या छातीवर तिला ठेवलं तर अंगाची ऊब राहते, वजन धरतं, असं डॉक्टर म्हणाले होते. तिची आई, म्हणजे त्याची मुलगी, ऑपरेशननंतर रक्तदाब उतरत नाही म्हणून दुसऱ्या मजल्यावर पडून होती. जावई जहाजावर, समुद्रात कुठेतरी. उरला हा. "तुमच्या नाकातून काडी फिरवून नमुना घेतला होता ना काल," सिस्टर आता हसत नव्हती, "त्यात जंतू निघालेत. तुम्हाला त्यांचा काही त्रास नाही, घाबरू नका. पण एवढ्यात आत नाही येता येणार." आणि तिनं जंतूचं नाव सांगितलं. लांबलचक, परकं नाव. एरवी असल्या नावाचं पहिलं अक्षरसुद्धा त्याच्या डोक्यात राहिलं नसतं. पण हे नाव त्याला पाठ होतं. बायको गेली तेव्हा डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं, आणि त्यानं ते पुन्हा म्हणायला लावलं होतं, आणि मग कितीतरी दिवस चालताना, जिना चढताना ते त्याच्या तोंडात येत राहिलं होतं.

त्याचा हात नाकाकडे गेला आणि गरम इस्त्रीला लागावा तसा मागे आला. आता हा हात ठेवायचा कुठे? खिशात घातला तर खिशात घड्याळ होतं. त्यानं तो अंगापासून लांब, हवेत धरला. काचेतून पेट्यांची रांग दिसत होती. त्यातली कोपऱ्यातली पेटी तिची. तिच्यात काही हललं असं वाटलं, पण ते सिस्टरच्या झग्याचं प्रतिबिंब होतं. "खालच्या मजल्यावर जंतूंच्या डॉक्टर आहेत, त्यांना भेटा. मलम देतील. काही दिवस लावायचं आणि त्यांच्या साबणानं आंघोळ करायची, बस. पुन्हा तपासू, मग या." तो "बरं" म्हणाला. जाताना दार त्यानं कोपरानं ढकललं, कडीला हात न लावता, आणि मग बाहेर येऊन त्याच्या लक्षात आलं की आत येताना त्यानं ती कडी हातानंच धरली होती.

जंतूंच्या डॉक्टर म्हणजे त्याच्या मुलीच्या वयाची एक बाई निघाली. सगळे तिला मॅडम म्हणत होते. टेबलावर झाकणांच्या काचेच्या बशा होत्या. एका बशीत सोनेरी पिवळसर ठिपके उगवले होते, तेलाचे शिंतोडे उडावेत तसे. "हे माझे?" त्यानं विचारलं. "तुमचेच," ती म्हणाली, जणू काही त्यानं घरी वाढवून आणले होते. त्यानं वाकून पाहिलं. काही घाण नव्हती त्यांच्यात. नीटनेटके, गोल, चकचकीत. त्याला काहीतरी ओंगळ दिसायला हवं होतं. "एवढा शिंकतो, नाक शिंकरतो, तरी हे राहतात कसे आत?" मॅडमला हा प्रश्न आवडला असावा, कारण तिनं खुर्ची पुढे ओढली. चिकटणं हेच त्यांचं पहिलं काम, ती म्हणाली. धरता आलं नाही तर वाहून जातील. म्हणून त्यांच्या अंगावर बाहेरच्या बाजूनं प्रथिनं असतात, बारीक केसांसारखी समजा, आणि प्रत्येकाचं काम वेगळं. एक प्रथिन नाकातल्या कातडीच्या पेशींना धरतं. दुसरं रक्तातल्या धाग्यांना, जखमेवर खपली धरायला लागतात त्या धाग्यांना. जंतू तोच. नाकात असला तर नाकातलं काहीतरी त्याच्या हाताला लागतं, रक्तात गेला तर रक्तातलं. "आणि ओढलं तर?" हा त्याच्या धंद्यातला प्रश्न होता. तो बुटांच्या कारखान्यात तळवे चिकटवायचा. जोड कितीही चांगला असो, तिरकं ओढत राहिलं की कधीतरी सुटतो, हे तो जन्मभर बघत आला होता. "ओढलं तर सुटत नाही, तीच तर गंमत आहे," मॅडम म्हणाली. "धागा खाचेत बसला की वरून झाकण मिटतं. टिचबटण लागल्यासारखं. आणि रक्ताचा जोर जेवढा जास्त तेवढी ती पकड आवळते." तिनं एका हाताचं बोट दुसऱ्या मुठीत धरून ओढून दाखवलं. मग तिचं लक्ष त्याच्या तोंडाकडे गेलं आणि तिनं बोट सोडवून घेतलं.

"हृदयाच्या झडपेवर?" त्यानं विचारलं. निरोगी झडपेवर सहसा धरत नाहीत, ती सावकाश म्हणाली, आधीच खराब असेल, खरखरीत झाली असेल, तर तिथे ते धागे साठलेले असतात. त्यानं मान हलवली. हे त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. चामडं गुळगुळीत असेल तर चिकटवायचं सोल्युशन धरत नाही, आधी घासून खरखरीत करावं लागतं. बायकोला लहानपणी सांध्यांचा ताप आला होता, त्या तापानं तिची झडप घासून ठेवली होती. म्हणजे ती सात-आठ वर्षांची असताना, तो तिला ओळखतही नव्हता तेव्हा, तयारी झालेली होती. "माझी बायको यानंच गेली," तो म्हणाला. मॅडमनं ती बशी बाजूला सरकवली. "माझ्याकडून तिच्याकडे गेले, का तिच्याकडून माझ्याकडे आले?" "नाही सांगता येणार काका." "तुम्ही सांगा हो. मी काही तक्रार करायला आलेलो नाही." "खरंच नाही सांगता येणार. तेव्हाचे जंतू कुणी जपून ठेवले असते आणि ते न् हे एकच निघाले असते, तरी आले कुणाकडून आणि गेले कुणाकडे ते कळलं नसतं. एका घरात इतकी वर्षं राहिलात. एक टॉवेल, एक उशी. किंवा दवाखान्यातूनच आले असतील दोघांकडे. कितीतरी लोकांच्या नाकात असतात हे, आणि त्यांना आयुष्यभर काही होत नाही." "मग होतं कुणाला?" मॅडमनं मलमाची नळी त्याच्यासमोर सरकवली आणि कसं लावायचं ते सांगायला सुरुवात केली.

बसमध्ये तो उभा राहिला, बसायला जागा असून. पुढच्या सीटवर एक बाई मांडीवर पोर घेऊन बसली होती आणि ते पोर मान वळवून एकटक त्याच्या नाकाकडे बघत होतं, निदान त्याला तरी तसं वाटलं. त्याला मिशीची आठवण झाली. नको होती, पण झाली. शेवटच्या वर्षी बायकोचं हृदय इतकं दमलं की औषध थेंबाथेंबानं शिरेत सोडावं लागायचं, त्यासाठी दंडात एक बारीक नळी कायमची बसवली होती, आणि तिच्यावरची पट्टी बदलायचं काम दवाखान्यानं त्याला शिकवलं होतं. हात कसे धुवायचे, हातमोजे कसे घालायचे, कशाला शिवायचं नाही, सगळं. तो ते बुटाच्या जोडासारखं मन लावून शिकला. पण चिकटपट्टीचे तुकडे? दोन्ही हात कामात, पट्टीचे तुकडे तर हाताशी हवेत. कारखान्यात सगळेच करायचे ते त्यानं केलं. आधीच तुकडे फाडून वरच्या ओठावर चिकटवून ठेवायचे, नाकाच्या अगदी खाली, आणि लागेल तसा एकेक काढून नळीवर लावायचा. कारखान्यात तळव्याची कड धरून ठेवायला ते असंच करतात, टेबलावर ठेवले तर धूळ लागते. इथेही धूळ लागू नये म्हणूनच. दवाखान्यात कुणी त्याला "ओठावर लावू नका" असं सांगितलं नव्हतं, कारण असं काही करणारा माणूस जगात असेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नसणार. बायको हसायची. "आले का मिशी लावून! या फौजदारसाहेब, करा अटक." असं म्हणून दंड पुढे करायची. तो तोंड न हलवता "हलू नको" म्हणायचा, कारण बोललं की मिशी पडेल, आणि त्यावर ती आणखी हसायची आणि नळी हलायची. हे हसणं त्याला आवडायचं. काही वेळा त्यानं मुद्दाम जास्त तुकडे लावले होते.

मुलगी पलंगावर उशांना टेकून बसली होती. चेहरा सुजलेला, पण डोळे आईसारखे तरतरीत. "झालं? घेतलीत? कशी वाटली?" त्यानं सांगितलं. जंतूचं नाव मात्र सांगितलं नाही, ते तिलाही पाठ होतं. "हात्तिच्या, एवढंच ना," ती म्हणाली, "लावा मलम आणि मोकळे व्हा. मला तर उठूही देत नाहीत. बाबा, ती नुसती काचेत पडून आहे हो. सिस्टर म्हणतात बाकीची बाळं वजन धरायला लागली, ही नाही. कुणाच्या तरी अंगाला लागली पाहिजे ती." "दुसरं कुणी..." "कोण दुसरं? तुमच्या कारखान्यातल्या मंडळींना बोलावू? रांग लावू छात्यांची?" ती हसली आणि टाक्यांना हात लावून कळवळली. त्याला तिला सगळं सांगून टाकावंसं वाटलं. मिशीचं. तिनं ती मिशी पाहिली होती, एकदा दारात उभी राहून तीही खो-खो हसली होती. म्हणजे तिला आठवत असणार. म्हणजे आपण फक्त नाव उच्चारायचं, पुढचं ती स्वतःच जोडील. त्यानं पाण्याचा पेला उचलून तिला द्यायला हात पुढे केला आणि मध्येच पेला परत टेबलावर ठेवला. "काय झालं?" "काही नाही. तुझा तू घे." "काय नाटकी झालायत हो!" ती म्हणाली आणि वाकून पेला घेतला.

घरी आरशासमोर त्यानं मलमाची नळी उघडली. बोटभर कापूस, दोन्ही नाकपुड्या, मग नाक दाबून चोळायचं. पांढरं, चिकट, काही वास नसलेलं. आरसा बायकोच्या उंचीला लावलेला होता, त्याला नेहमी वाकावं लागायचं, आणि ती गेल्यावरही त्यानं तो वर केला नव्हता. वाकलेला असतानाच त्याच्या मनात आलं, की हे तिच्याकडून आलेले असले तर? तिच्या उशीवरून, तिच्या टॉवेलवरून. तर मग तिचे कपडे वाटून टाकले, चष्मा दिला, केसांचा कंगवा मुलीनं नेला, आणि तिचं म्हणून जे काही अजून जिवंत आहे ते एवढंच, इथं, आपल्या नाकात बिऱ्हाड करून. पोरं होत असतील त्यांना. पोरांना पोरं. त्याला या विचाराची शिसारी आली आणि तरीही कापूस नाकापर्यंत नेऊन तो तसाच थांबला. ज्यांनी तिला नेलं त्यांनाच ऊब देत आपण फिरतोय. आणि आता त्यांना मारताना हात अडतोय. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. ती असती तर तिला सांगता आलं असतं. ती म्हणाली असती, "अहो, लावा ते मलम, नाकाला कसला मान." त्यानं लावलं. दोन्हीकडे. डोळ्यांतून पाणी आलं, पण ते मलमानं असेल.

कारखान्यात त्याला थांबेमामा म्हणायचे. जो तो सोल्युशन लावलं की लगेच दाबायला बघतो आणि हा "थांब, थांब, वाळू दे जरा" म्हणून ओरडतो, म्हणून. त्या दिवसांत मात्र तो गप्प होता. शेजारच्या टेबलावरच्या जाड्यानं, जो त्याच्या बरोबरीनंच म्हातारा झाला होता, ओठावरची पट्टी काढत विचारलं, "काय मामा, नाकात लोणी घातलंय का? चकाकतंय." "औषध आहे." "नात कशी आहे?" "आहे." "घेतली का नाही अजून?" तो जाड्याच्या ओठाकडे बघत राहिला. तिथे एक तुकडा राहिला होता आणि बोलताना त्याचं टोक फडफडत होतं. "ते ओठाला नको लावत जाऊ," तो म्हणाला. "का?" "असंच." "अरे, तुम्हीच शिकवलंत मला!" जाड्या म्हणाला आणि हसला, आणि पट्टी काढून बुटाला लावली. बूट होता तो. बुटाला काय होतंय.

मलम संपलं. पुन्हा काडी फिरवली. या वेळी बशीत काही उगवलं नाही. "स्वच्छ," मॅडम म्हणाली. "आता जा वर, वाट बघतेय नात." तो उठला, दारापर्यंत गेला आणि परत आला. "पुन्हा येतात का हे?" ती खोटं बोलली असती तर बरं झालं असतं. "येऊ शकतात. काहींच्या नाकात येतात परत. उद्या, परवा, महिन्यानं, काही सांगता येत नाही. पण आत्ता नाहीत." आत्ता म्हणजे काडी फिरवली तेव्हा. तेव्हापासून तो बसमधून आला होता, लिफ्टमध्ये माणसांत चेपून उभा राहिला होता, तोंडावरून हात फिरवला असेल, आठवत नव्हतं. वरच्या मजल्यावर जाऊन तो काचेबाहेरच्या बाकावर बसला. सिस्टर म्हणाली, "या ना." तो म्हणाला, "आज खोकला आहे जरा." दुसऱ्या दिवशी म्हणाला, पाठ धरलीय. तिसऱ्या दिवशी सिस्टरनं विचारायचं सोडलं. तो बाकावर बसून बघायचा. नात एवढीशी होती, सुरकुतलेली, डोक्यावर टोपी, नाकात नळी. तिचं पोट वरखाली व्हायचं ते इथून दिसायचं. आपण इथे आहोत आणि ती तिथे, मध्ये काच आहे, तोवर तिला आपल्याकडून काही होणार नाही, एवढंच त्याला कळत होतं. बाकी काही करता येत नव्हतं, पण न करणं तरी त्याच्या हातात होतं. ते तो जिवापाड करत होता.

मुलीला चाकाच्या खुर्चीतून वर आणलं तेव्हा तिनं त्याला बाकावर पाहिलं. तिला वाटत होतं तो रोज आत बसतो. त्यानंच तसं सांगितलं होतं. "बाबा, सिस्टर म्हणतात तुम्ही एकदाही घेतलं नाहीत तिला." तो बुटांकडे बघत राहिला. "वजन किती झालंय विचारलंत का? तेवढंच आहे. जन्मली तेवढंच." तिचा आवाज चढला तशी बाकाच्या टोकाची माणसं वळून बघायला लागली. "कशाला घाबरताय? आईचं ते वेगळं होतं." म्हणजे तिनं जंतूचं नाव विचारून घेतलं होतं कुणाला तरी. "मिशी आठवते तुला?" तो म्हणाला. तिनं त्याच्या ओठाकडे बघितलं. ते जोडायला तिला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ तो तिच्या चेहऱ्याकडे बघू शकला नाही. मग ती म्हणाली, "आठवते ना." नाही, तसं नसेल, असं म्हणाली नाही आणि तसंच असेल असंही नाही. खुर्ची ढकलणाऱ्या माणसाला तिनं "आत चला" म्हटलं आणि दार मिटलं. काचेतून त्याला दिसलं, तिच्या झग्याच्या आत बाळाला ठेवलं. पण थोड्याच वेळात तिला घेरी यायला लागली, बाळाला परत पेटीत ठेवलं आणि तिला खाली नेलं. जाताना तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही, किंवा डोळे मिटले होते म्हणून तसं वाटलं.

दोन दिवसांनी मॅडम स्वतः वर आली आणि बाकावर त्याच्या शेजारी बसली. पांढऱ्या कोटात तिला असं बाकावर बसलेलं बघून तो अर्धवट उठला. "काका, आत सगळ्या बाळांचे नमुने आम्ही अधूनमधून घेतो. तुमच्या नातीच्या नाकात निघालेत." "काय?" "तेच." त्याला आधी समजलंच नाही. मी हात लावलेला नाही, तो म्हणाला. मी आत गेलोच नाही, विचारा सिस्टरना, मी इथून हललो नाही. "माहीत आहे," मॅडम म्हणाली. "तिच्या आईच्याही नाकात आहेत. तिच्याकडून आले असतील, किंवा कुणाच्या हातावरून, झग्यावरून. इथे किती हात लागतात एका बाळाला." "मग आता?" "आता काही नाही. नुसते बसलेत. रक्तात नाहीत, ताप नाही. मलम लावू, लक्ष ठेवू." "आणि गेले रक्तात तर?" तिनं खांदे उडवले नाहीत, पण उडवले असते तर त्याला तेवढंच कळलं असतं. "तिच्या आईला कुणी अडवलं नाही," तो म्हणाला. "आईला कशी अडवणार? आईच्या अंगावरचं सगळंच येतं बाळाकडे. चांगलं, वाईट. वेचून नाही देता येत." आईच्या अंगावर कुठून आलं, हे त्यानं विचारलं नाही. त्याच घरात वाढली होती ती. त्याच टॉवेलांत. त्यानं काचेकडे पाहिलं. इतके दिवस तो जे अडवून धरून बसला होता ते केव्हाच, त्याच्या शेजारून, त्याला न विचारता आत गेलं होतं आणि त्या तिळाएवढ्या नाकात आपली जागा धरून बसलं होतं. त्याला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. आता तर न करण्यासारखंही काही हातात उरलं नव्हतं.

हात कोपरापर्यंत धुतले. सिस्टरनं झगा दिला, मागच्या नाड्या बांधल्या, शर्टाची बटणं त्यानं स्वतः काढली, एक अडलं ते तिनं काढलं. खुर्चीत रेलला. छातीवर थंडीनं काटा आला होता, बाळाला गार लागेल असं त्याला वाटलं, पण सांगायला वेळ मिळाला नाही. काचेची पेटी उघडली, नळ्या बाजूला धरल्या आणि काहीतरी त्याच्या छातीवर ठेवलं, वरून चादर टाकली. वजन असं काही नव्हतंच. नुसती ओलसर, गरम जागा, बरगड्यांच्या मध्ये, आणि त्या जागेत अगदी हलकी धडधड, त्याच्या धडधडीशी न जुळणारी. बाळाचं नाक त्याच्या कातडीला टेकलेलं होतं. तो छताकडे बघत होता. "बरोबर," सिस्टर म्हणाली, "अगदी बरोबर धरलंय." मग ती वाकली, त्याच्या तोंडाकडे बघितलं. "अहो आजोबा," ती म्हणाली, "श्वास का धरून ठेवलाय? सोडा तो."